उत्तरार्ध माझ्याकडे आहे

बाबूजी वाटून घ्यावे लागतात हे मला फार लवकर कळलं. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि माझं सगळं लहानपण त्यांची नेमणूक दूर जंगलातल्या केशोरीला होती. आम्ही इकडे मुर्रीत, गोंदियाच्या वेशीवर. शनिवारी संध्याकाळी ते धुळीने भरलेल्या पायांनी घरी यायचे आणि सोमवारी माझे डोळे उघडायच्या आत गेलेले असायचे. म्हणजे माझ्या वाट्याला एक रविवार आणि केशोरीच्या पोरांना बाकीचा आठवडा. त्या रविवारीही ते पुरते आमचे नसत. माय भात वाढायची, त्यावर लाखोळीच्या डाळीचं वरण, आणि पहिला घास घेताच बाबूजी सुरू व्हायचे. वर्गातल्या फुलवंताने परवा असं विचारलं. फुलवंता फळ्यावरचं इंग्रजी वाक्य नुसतं वाचत नाही, त्याच्यावर उलट प्रश्न काढते. वनमजुराची पोरगी, घरात गोंडी बोलणारी, पण डोकं असं की बाबूजींनाच रात्री पुस्तक उघडून तयारी करावी लागे. मी तिला पाहिलेलं नव्हतं. तरी दर रविवारी वरणभातासोबत मला ती गिळावी लागायची. आता या वयात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही म्हणून सांगते, तिला एखादा मोठा ताप यावा असं मी देवाकडे मागितलं होतं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

पुढे बाबूजींची बदली घराजवळ झाली आणि मला वाटलं, सुटले. पण मी कॉलेजात गेले त्याच वर्षी जून महिन्यात ते एकदा केशोरीला म्हणून गेले आणि येताना फुलवंताला सोबत घेऊन आले. तिच्या घरी वडील थकलेले होते, कारभार भावाच्या हातात होता आणि भाऊ तिच्या लग्नाच्या मागे लागला होता. बाबूजींनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं की ती प्रत्येक परीक्षा पहिल्या झटक्यात पास होत गेली तर शिकेल, कुठे अडकली तर परत जाईल. ती आमच्या घरी राहील, खाईल, माझ्याच खोलीत झोपेल, हेही ठरलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. तिने येताना वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणले होते, आमच्याकडे जंगल नाही म्हणून. मायने त्याची भाजी केली आणि बाबूजींनी तीनदा मागून घेतली. मी पोट दुखतं म्हणून ताटावरून उठले, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

इंग्रजी साहित्य हा विषय घेणारे आमच्या वर्गात चौघं होतो. बाकीच्या कॉलेजला आम्ही चौघं वेडे वाटायचो. गोंदियात लोक दुकानात हिंदी बोलत, घरात कुणी पोवारी, कुणी छत्तीसगढी, कुणी झाडीबोली, आणि आम्ही शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या बायकांची दुःखं पाठ करत बसलेले. पाठच करायचो. मूळ पुस्तक कुणी वाचत नसे. बाजारात गाईड मिळायचं, त्यात कथासार, पात्रांचे स्वभाव, संभाव्य प्रश्न असं सगळं तयार असे. मी ते घोकायचे आणि पहिली यायचे. फुला मात्र मूळ पुस्तक घेऊन बसायची. आणि बसायची कुठे, तर बाबूजींच्या समोर. बाबूजी स्वतः बाहेरून बी. ए.ला बसले होते आणि याच विषयात तीनदा नापास झाले होते. ते अपयश त्यांनी कधी लपवलं नाही, पण ते त्यांना लागलेलं होतं. मला वाटायचं, ते मी भरून काढणार. माझी गुणपत्रिका मी त्यांच्या हातात दिली की ते म्हणायचे, वा, छान, आणि घडी करून खिशात ठेवायचे. फुलाने एखाद्या वाक्याचा अर्थ विचारला की मात्र चष्मा काढून पुसायचे, परत लावायचे, आणि दोघं त्या वाक्यावर अर्धा तास घालवायचे. मध्येच दोघं हसायचे. ते हसू मला आतल्या खोलीत ऐकू यायचं आणि मी गाईडाचं पान उगाच जोरात उलटायचे.

शेवटच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला. एक जाडजूड कादंबरी नव्याने लागली आणि तिचं गाईड अजून निघालं नव्हतं. कॉलेजच्या वाचनालयात एकच प्रत होती, ती सरांच्या नावावर, आणि सर राहायचे नागपूरला. पुढच्या वेळी आणतो म्हणायचे आणि विसरायचे. वर्गातही त्यांनी अर्धी कादंबरी शिकवून पोर्शन संपल्याचं जाहीर केलं. शेवटी बाबूजी स्वतः नागपूरला गेले आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक प्रत शोधून आणली. एक पुस्तक आणि दोन पोरी. त्यांनी एका रविवारी अंगणात पाट मांडला, मायकडून कणकेची खळ शिजवून घेतली, आणि धारदार पातं घेऊन ते पुस्तक पाठीतून बरोबर मधोमध कापलं. दोन्ही भागांना दाभणाने टाके घातले, पुठ्ठे लावले, वर खाकी कागद. मग दोन्ही भाग उन्हात ठेवले आणि विचारलं, कोण कोणता घेणार? मी म्हटलं, सरांनी पहिला भाग शिकवलाच आहे, मी दुसरा घेते, नंतर बदलू. खरं कारण एवढंच होतं की फुलाचा हात पहिल्या भागाकडे गेला होता आणि मला तिच्या हातातलं काही नको होतं. मी तो दुसरा भाग ट्रंकेत टाकला आणि महिनाभर उघडला नाही.

आमच्या ओसरीत दुपारी विड्या वळल्या जायच्या. माय आणि शेजारच्या चौघीजणी, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. कैचीचा आवाज दुपारभर चालू असायचा, पलीकडे राईस मिलचा धडधडाट, आणि अधूनमधून स्टेशनातून मालगाडीची शिटी. फुला कॉलेजातून आली की त्यांच्यात बसून पानं कापू लागायची. एक दिवस जनामायने सहज विचारलं, कोन्ता बुक वाचून राहिली व रोज? जनामाय म्हणजे त्या पाचजणींतली सगळ्यात तोंडाळ, तेव्हा चाळिशीची असेल. फुला म्हणाली, सांगते, पण मग माझी पानं तुम्ही कापायची. तिच्या घरी मोहफुलं वेचताना अशी रीत होती. जो गोष्ट सांगेल त्याची टोपली बाकीच्यांनी भरायची. मात्र एकदा सुरू केलेली गोष्ट अर्धी टाकायची नाही. अर्धी टाकली तर भरलेली टोपली परत द्यावी लागते आणि नंतर त्या माणसाची गोष्ट कुणी ऐकत नाही.

झालं, ती इंग्रजी कादंबरी आमच्या ओसरीत सुरू झाली. एका घड्याळजीची मुलगी. बाप आंधळा होत चालला आहे, आणि गावाला कळू नये म्हणून ती त्याच्या नावाने घड्याळं दुरुस्त करते. एक तरुण तिला वचन देऊन समुद्रापार जातो. फुला हे सगळं झाडीबोलीत सांगायची, घाई न करता, पात्रं समोर बसल्यासारखी. बर्फ म्हणजे काय ते तिने गारपिटीवरून समजावलं. चौथ्या दिवशी बायका दुपारची वाट पाहू लागल्या. माय भाजी लवकर टाकायची. जनामाय त्या तरुणाला शिव्या द्यायची, तो परत येत नाही म्हणून. बाबूजी शाळेतून आले की सायकल टेकवून तिथेच पायरीवर बसायचे. बाबूजी गेले ते गेलेच होते, आता मायसुद्धा गेली. मी साहित्याची पहिली येणारी विद्यार्थिनी, आणि माझ्याच ओसरीत मला कुणी एक शब्द विचारत नव्हतं. जीव नुसता जळायचा. फुलाचा आवाज चांगला आहे, हे मला त्या दिवसांत कळलं आणि त्याचाही राग आला.

परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा फुलाचा भाग वाचून झाला. तिने संध्याकाळी खाकी पुठ्ठ्याचं पुस्तक माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, बदलायचं? मी म्हटलं, माझा भाग हरवला. काल सायकलच्या कॅरिअरवरून कुठेतरी पडला. हे वाक्य मी ठरवलेलं नव्हतं, पण तोंडातून निघालं आणि निघाल्यावर मला फार हलकं वाटलं. पुस्तक ट्रंकेत माझ्या थंडीच्या शालीखाली होतं. फुला रागावली नाही. बाबूजीही रागावले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कॉलेजपर्यंतचा सगळा रस्ता पायी गेले, सायकल हातात धरून, कडेचं गवत बघत. प्रत्येक पानठेल्यावर, चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं. तिसऱ्या दिवशीही गेले. परत आले तेव्हा त्यांच्या धोतराला कुसळं चिकटलेली होती आणि माय ती एकेक काढत होती. मी समोर बसून चिंचा सोलत होते. तेव्हा सांगता आलं असतं. एवढं करूनही ते फुलासाठीच करताहेत, असंच माझ्या डोक्यात होतं.

इकडे ओसरीत बायका थांबायला तयार नव्हत्या. फुलाने दोन दिवस टाळलं, सरांना पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. जनामायने आठवण करून दिली की आतापर्यंतची पानं आम्ही कापली आहेत. मग तिसऱ्या दुपारी फुलाने गोष्ट पुढे सुरू केली. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. हिला पुस्तक कुठून मिळालं? मी दाराला कडी लावली, ट्रंक उघडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक इंग्रजी कादंबरी वाचायला बसले, तीही चोर पकडायला. दहा दिवस वाचलं. कठीण शब्द आले तर तसेच ओलांडत गेले. पुस्तकात काही वेगळंच होतं. फुला सगळं मनाचं सांगत होती. त्या दहा दिवसांत मी त्या घड्याळजीच्या मुलीत गुंतले हे खरं आहे, शेवटच्या पानांवर मी शालीत तोंड खुपसून रडलेसुद्धा. आणि रडून डोळे पुसता पुसता मला वाटलं, आता सापडली.

त्या दुपारी फुला शेवटाला आली होती. मी दाराच्या आड उभी होते. सात वर्षांनी तो तरुण परत येतो, बाहेर बर्फ पडतंय, तो दार वाजवतो. मुलगी दार उघडते. त्याला आत घेते, चुलीपाशी बसवते, गरम पेज देते. आणि परत आपल्या घड्याळापाशी जाऊन बसते, कारण ते संध्याकाळपर्यंत द्यायचं असतं. फुला म्हणाली, "त्यानं विचारला, तू माझी वाट नाही पाहिली? थे म्हणाली, पाहिली. आता काम हाये."

पाचही कैच्या थांबल्या होत्या. मायने पदर डोळ्यांना लावला. माझी माय, माझ्या लग्नाच्या गोष्टी निघाल्या तरी जिच्या डोळ्यांत पाणी येत नसे. मला राहवलं नाही. मी बाहेर आले आणि म्हणाले, "खोटं सांगून राहिली. असं नाही होत. ती मरते. तो यायच्या तीन दिवस आधी मरते, दुकानातच, आणि घड्याळं सगळी चालूच असतात."

माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण बाबूजी पायरीवर बसलेले होते. त्यांनी मान वर केली आणि शाळेत विचारतात तसं शांतपणे विचारलं, "कोन्त्या पानावर हाये, शालू?"

"तीनशे अठरा," मी म्हटलं.

मी सगळ्या परीक्षांत पहिली येत असे ती अशीच. प्रश्न आला की उत्तर तोंडातून निघायचंच. राईस मिल चालू होती. जनामायने सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि म्हणाली, "बुक त रस्त्यात पडला होता नं व." बाबूजी उठले, मोरीवर गेले आणि पाय धुऊ लागले. फार वेळ धुतले. मला वाटत होतं त्यांनी मारावं. त्यांनी आयुष्यात मला मारलं नाही, त्याही दिवशी नाही, आणि त्या दिवसाबद्दल पुढे कधी एक अक्षर काढलं नाही. मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शिक्षा आहे आणि ती अजून चालू आहे.

फुला बायकांकडे वळून म्हणाली की शालू खरं बोलते, मला शेवट माहीत नव्हता, मी जोडून सांगितला, तुमची पानं मी परत कापून देते. जनामाय म्हणाली, रायू दे, आमची गोष्ट पुरी झाली. मी आत जाऊन ट्रंकेतून पुस्तक आणलं आणि फुलाच्या पुढे ठेवलं. तिने ते लगेच उचललं नाही. खाकी कागदावर माझ्या शालीचे लोकरीचे धागे लागले होते, ते तिने आधी झटकले. रागावली असती तर मला भांडता आलं असतं. एवढंच म्हणाली, "मांगतला असता तर मी पयला भाग बी तुलेच देल्ला असता."

परीक्षेला तेव्हा आठ दिवस होते आणि बाकीचे पेपर होतेच. कादंबरीच्या पेपरात शेवटाबद्दल प्रश्न आला. मी पान तीनशे अठरा जवळजवळ जसंच्या तसं उतरवलं. घरी येताना, सायकली हातात धरून चालताना, मी तिला विचारलं, काय लिहिलंस? ती म्हणाली, ती मरते ते लिहिलं, आणि मरायला नको होती तेही लिहिलं, का ते चार पानं लिहिलं. निकालात मी पहिल्या वर्गात आले. फुला त्या एका पेपरात गेली. त्या चार पानांमुळे गेली, माझ्यामुळे नाही, अशी स्वतःची समजूत मी पुढे किती वर्षं घालत राहिले सांगू नये. पण दोन आठवडे पुस्तक माझ्या शालीखाली होतं, आणि त्या दोन आठवड्यांत तिने ते तीनदा वाचलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. भाऊ न्यायला आला तेव्हा बाबूजी त्याच्याशी फार वेळ बोलले. ऑक्टोबरला पुन्हा बसू दे म्हणाले. तो अदबीने ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, गुरुजी, बोलणं झालं होतं. उन्हाळ्यातच तिचं लग्न झालं. भावासोबत ती निघाली तेव्हा बाबूजींनी पहिला भाग तिच्या पिशवीत ठेवला. दुसरा माझ्या टेबलावर ठेवला. मला वाटलं होतं कधीतरी ते दोन्ही भाग मागवून घेतील आणि परत एक करतील. त्यांना ते काम तासाभराचं होतं. त्यांनी केलं नाही.

मी एम. ए. झाले आणि तेहेतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवलं. ती कादंबरी अभ्यासक्रमात दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा मी ती चांगली शिकवली, असं मुलं म्हणाली. बाबूजींच्या तेरवीला फुला आली होती, नातवाला घेऊन, पिशवीत वास्ते घेऊन. बाबूजींच्या फोटोपुढे ती मोकळेपणाने रडली. मला तसं रडता आलं नव्हतं, आणि त्या दिवशीसुद्धा मी मनात हेच मोजलं की तिचं रडणं माझ्यापेक्षा खरं दिसतंय. पहिला भाग अजून आहे का, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

गेल्या महिन्यात जनामायला बघायला गेले. तिला आता दिसत नाही, उठता येत नाही. अंगणात खाट टाकलेली होती. वरून बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ पायलटांचं विमान घरघरत गेलं आणि तिने हात वर करून, रोजचाच आहे, असं दाखवलं. मग माझा हात चाचपून म्हणाली, मास्तरीणबाई झाली न तू, मग ते घडीवाल्याच्या पोरीची गोष्ट सांग न. दोन्ही शेवट मला पाठ आहेत. मी फुलाचा सांगितला. बर्फ, दार, चूल, पेज, सगळं. काही गाळलं नाही. तिचं वाक्य तिच्याच शब्दांत सांगितलं, वाट पाहिली, आता काम हाये. जनामाय शेवटपर्यंत शांत ऐकत होती. मग तिने माझा हात थोपटला, पोराची समजूत घालावी तसा.

"बरा सांगतला," ती म्हणाली. "पन फुला सांगे तसा नाही होत."

बरोबर होतं तिचं. घरी येईपर्यंत मला राग येत राहिला.